दोन वर्षं, एक वकील

पब्लिक इंटरेस्ट फेलोशिप म्हणजे बाजार ज्या कामाकडे फिरकत नाही ते करायला नव्या वकिलाला वर्ष-दोन वर्षं पगार देणारी योजना. तिचा अर्ज कसा लिहावा, हे एका उदाहरणावरून पाहू. अमेरिकेत लहानपणापासून अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्या मुलाला अठरा पूर्ण झाली की वर्षभराच्या आत-बाहेर सोशल सिक्युरिटी कचेरीचं एक पत्र येऊ शकतं. भत्त्याचं नाव सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम, सगळे एसएसआय म्हणतात. २०२५ मध्ये त्याची संघीय कमाल रक्कम महिन्याला ९६७ डॉलर होती. पत्राचा मथितार्थ असा की तुम्ही आता प्रौढ, तुमची प्रौढांच्या निकषावर फेरतपासणी झाली आणि त्यात तुम्ही बसत नाही. फेरविचाराची मागणी करायला ६० दिवस मिळतात. पण फेरविचार चालू असताना पैसे चालू राहावेत असं वाटत असेल तर ते वेगळं मागावं लागतं, आणि त्याची मुदत आहे १० दिवस. टपालाला लागणारे ५ दिवस वर धरतात, तेवढीच सवलत. घरचे लोक ६०चा आकडा वाचून निर्धास्त होतात आणि पैसे बंद होतात.

अशा वेळी वकील का मिळत नाही? खासगी वकिलाची फी बहुतेकदा थकीत रकमेतून, साधारण २५ टक्के, कापून घेतली जाते. इथे भत्ता वेळेत चालू ठेवला तर थकबाकी साचतच नाही. म्हणजे वकिलानं काम जितकं चोख करावं तितकी त्याची फी कमी. बाजार या कामाकडे का फिरकत नाही, हे समजायला याहून जास्त पुराव्याची गरज नाही.

पब्लिक इंटरेस्ट फेलोशिपचा अर्ज लिहायला बसणाऱ्यानं आधी अशी एखादी भेग बोट ठेवून दाखवता येते का ते पाहावं. ‘गरिबांना न्याय मिळत नाही’ हे सगळ्यांना माहीत आहे. १९६३ च्या गिडियन खटल्यानं गंभीर फौजदारी गुन्ह्यांत गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळू लागला. दिवाणी बाजूला तसं काही झालं नाही. १९८१ च्या लॅसिटर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आईचा मुलावरचा हक्क कायमचा काढून घ्यायचा असला तरी प्रत्येक वेळी वकील दिलाच पाहिजे असं नाही. दिवाणी विधी साहाय्य संस्थांना सरकारी पैसा वाटणाऱ्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे कमी उत्पन्नाच्या लोकांच्या गंभीर दिवाणी अडचणींपैकी ९२ टक्क्यांत त्यांना पुरेशी मदत मिळत नाही, किंवा मुळीच मिळत नाही. हा आकडा जवळजवळ प्रत्येक अर्जात असतो. म्हणूनच तो पहिल्या ओळीत घालू नये. वाचणाऱ्यानं त्या दिवशी तो कितीदा वाचलेला असेल!

फेलोशिप ही कल्पना तशी जुनी. १९६७ मध्ये रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांच्या नावाची योजना सुरू झाली. स्मिथ हे बॉस्टनच्या विधी साहाय्य संस्थेचे प्रमुख. तरुण वकील निवडून देशभरच्या साहाय्य कचेऱ्यांत पाठवायचे, त्यांना ‘रेजी’ म्हणायचे. ती सरकारी पैशावर चालायची. आजच्या बहुतेक योजना खासगी पैशावर चालतात, आणि अर्जाचं रूप त्यातूनच ठरतं. स्कॅडन या लॉ फर्मच्या फाउंडेशनची योजना १९८८ ची, फर्मला ४० वर्षं झाली तेव्हाची. ती शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आणि क्लार्कशिप, म्हणजे न्यायाधीशाच्या हाताखालची उमेदवारी, संपवून बाहेर पडणाऱ्यांना, फक्त दिवाणी कामासाठी, दोन वर्षं पगार देते. इक्वल जस्टिस वर्क्स १९८६ मध्ये वेगळ्या नावानं सुरू झाली. तिथे प्रकल्प तुम्ही आखता, पण पैसा एखाद्या लॉ फर्मचा किंवा कंपनीचा असतो, आणि शेवटचा होकार त्या प्रायोजकाचा. इमिग्रंट जस्टिस कोअर २०१४ पासूनची. अपील न्यायालयाचे न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. तिथे प्रकल्प आखायचा नसतो, संस्था तुम्हाला निवडते आणि कामावर धाडते. शिवाय लॉ स्कूलं आपापल्या पदवीधरांना वर्षभराच्या फेलोशिप देतात, आणि काही मोठ्या संस्था स्वतःच्या पैशातून एखाद-दुसरी जागा काढतात. ज्यांना प्रकल्प आखण्यात रस नाही पण काम करायचंय, त्यांनी प्रकल्पाच्या फेलोशिपमागे उगाच धावू नये. तयार जागा भरणं कमी प्रतिष्ठेचं, असा एक समज लॉ स्कूलांत आहे, आणि तो चुकीचा आहे.

जुन्या यशस्वी अर्जांच्या प्रती फिरत असतात. त्या वाचाव्यात, पण अटी मात्र चालू वर्षाच्याच पाहाव्यात. मार्च २०२५ मध्ये स्कॅडन फर्मनं संघीय सरकारशी जो करार केला त्यात या फेलोशिपचाही उल्लेख होता. असल्या बदलांचा गंध दोन वर्षांपूर्वीच्या अर्जाला कुठून असणार?

आता वेळापत्रक. बहुतेकांची गाडी इथेच चुकते. मोठ्या प्रकल्प-फेलोशिपचे अर्ज साधारण सप्टेंबरात बंद होतात आणि काम पुढच्या वर्षीच्या सप्टेंबराच्या आसपास सुरू होतं. शेवटचं वर्ष नुकतं सुरू झालेलं असताना अर्ज पूर्ण हवा. म्हणजे तो लिहायचा त्याआधीच्या उन्हाळ्यात. आणि यजमान संस्था, म्हणजे जिथे राहून तुम्ही काम करणार ती, पक्की व्हायला हवी त्याच्याही आधी, दुसऱ्या वर्षाच्या वसंतात. संस्था दरवर्षी एकदोनच उमेदवार पुढे करतात. त्यासाठी त्यांची आपली अंतर्गत निवड असते, तिची मुदत बाहेर फारशी जाहीर होत नाही, आणि ती फेलोशिपच्या मुदतीच्या कितीतरी आधी संपते. ऑगस्टमध्ये ‘मला तुमच्याकडे यायला आवडेल’ अशी ईमेल पाठवणाऱ्याला सभ्य नकार येतो, तो गुणवत्तेमुळे नव्हे. मार्चात पाठवा. दोन परिच्छेद, सोबत बायोडेटा, आणि एक थेट प्रश्न: गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून कुठलं काम परत पाठवलं गेलं?

या एका प्रश्नात अर्धा अर्ज आहे. नाकारलेल्या प्रकरणांची नोंद जवळजवळ प्रत्येक विधी साहाय्य संस्थेकडे असते. फोन घेणारे लोक ती ठेवतात. संचालकांच्या तोंडून ऐकलेली गरज आणि फोनवर बसणाऱ्या पॅरालीगलनं, म्हणजे वकिलाच्या मदतनिसानं, सांगितलेली गरज, यांत बरंच अंतर असतं. दुसरं ऐका. माहिती अधिकाराखाली सरकारी आकडे मागवायचे असतील तर तेही वसंतातच. कायद्यात उत्तरासाठी २० कामाचे दिवस लिहिलेत खरे, पण अनेक खात्यांत त्याला महिने लागतात.

संस्था निवडताना एक गोष्ट सुरुवातीलाच विचारायची: लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनचा पैसा येतो का? येत असेल तर १९९६ ची बंधनं लागू होतात. सामूहिक दावे नाहीत, कैद्यांची दिवाणी प्रकरणं नाहीत, बऱ्याच स्थलांतरितांचं वकीलपत्र नाही, कायदे बदलण्यासाठी आमदार-खासदारांकडे पाठपुरावा जवळपास नाही. अशील सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या आतला लागतो. खाच अशी की यातली बहुतेक बंधनं फक्त त्या सरकारी पैशाला चिकटत नाहीत, संस्थेच्या सगळ्या कामाला चिकटतात. तुमचा पगार एखाद्या फर्मच्या खिशातून आला तरी तुम्ही सामूहिक दावा लावू शकत नाही. अर्जात ‘गरज पडल्यास सामूहिक दावा’ असं वाक्य आणि यजमान म्हणून अशी संस्था, ही जोडी जाणकार वाचकाला पहिल्याच पानावर सापडते, आणि मग उरलेला अर्ज तो संशयानंच वाचतो.

दुसरी गोष्ट देखरेखीची. यजमानाच्या पत्रात ‘आम्ही सर्वतोपरी सहकार्य करू’ असं असेल तर ते परत पाठवा. कोणता वकील, त्याला या विषयात किती वर्षं झाली, आठवड्यातून किती वेळ तो तुमच्यासोबत बसणार, व्यावसायिक चुकीचा विमा कोण भरणार, दुभाष्याचा खर्च कोणाच्या खात्यातून, फेलोशिपची रक्कम संस्थेच्या वेतनश्रेणीपेक्षा कमी पडली तर फरक कोण देणार, हे सगळं त्या पत्रात हवं. आणि एक उघड वाटणारं वाक्य हवंच: हे काम सध्या कोणी करत नाही, फेलो कोणाच्या जागी येत नाही. एरवी पैसे देणाऱ्याला वाटतं की संस्था चालू पगाराची तोंडमिळवणी आपल्या पैशातून करते आहे.

आता मापाचं. अर्ज पडतात ते जास्त करून इथे. तळमळ सगळ्यांकडे असते, बेरीज थोड्यांकडे. दोन वर्षं म्हणजे १०४ आठवडे. रजा आणि सुट्ट्यांचे १० काढा. सुरुवातीचे १२ काढा, कारण ते प्रशिक्षण, ओळखीपाळखी आणि अर्जांचे नमुने तयार करण्यात जातात. शेवटचे १२ काढा, तेव्हा नवी प्रकरणं घ्यायची नसतात, हातातली आवरायची असतात. उरले ७०. प्रत्येक आठवड्यात अशिलांसाठी प्रत्यक्ष २० तास धरा. बाकीचे तास बैठका, प्रवास, अहवाल आणि देखरेखीत जातात, ते वाचवण्याच्या भ्रमात राहू नका. झाले १४०० तास.

या १४०० तासांत वर सांगितलेल्या एसएसआयच्या कामाचं काय बसेल? नुसता सल्ला आणि पहिलं पत्र: २ तास. पहिल्या पायरीवरचा फेरविचार, दवाखान्यांचे आणि शाळेचे कागद गोळा करून: १४ तास धरू. प्रशासकीय न्यायाधीशापुढची सुनावणी: ३२ तास. आता २०० जणांना सल्ला, ३५ फेरविचार आणि १५ सुनावण्या घेतल्या तर ४०० अधिक ४९० अधिक ४८०, म्हणजे १३७०. उरलेल्या ३० तासांत काहीतरी बिघडेल, त्याला तेवढे पुरणार नाहीत. तरी हा हिशेब मांडलेला अर्ज ‘पाचशे कुटुंबांना प्रतिनिधित्व’ लिहिणाऱ्या अर्जापेक्षा वजनदार ठरतो. पाचशेचा आकडा वाचून अनुभवी वकील मनातल्या मनात भागाकार करतो आणि अर्ज बाजूला ठेवतो.

बेरजेत न दिसणारी आणखी एक अडचण: सुनावणीची तारीख लागायला महिने जातात. पंधराव्या महिन्यात घेतलेलं सुनावणीचं प्रकरण तुमच्या हातून पूर्ण होईलच असं नाही. म्हणून अशी प्रकरणं पहिल्या बाराच महिन्यांत घ्यायची आणि दुसऱ्या वर्षी लहान कामांकडे झुकायचं. अर्जातल्या वेळापत्रकात हा उतार दिसला पाहिजे. चारही सहामाहींत सारखेच आकडे लिहिलेले दिसले की समजावं, लिहिणाऱ्यानं असं काम जवळून पाहिलेलं नाही.

प्रशासकीय कामाचा एक फायदा फार थोडे लोक अर्जात मांडतात. सप्टेंबरात कामावर रुजू झालात तरी सनद हातात नसते. बार परीक्षा जुलैच्या शेवटी. निकाल न्यूयॉर्कमध्ये बहुधा ऑक्टोबरच्या शेवटी, कॅलिफोर्नियात नोव्हेंबरात. त्यानंतर चारित्र्य-तपासणी आणि शपथविधी. म्हणजे न्यायालयात स्वतःच्या नावानं उभं राहायला नवं वर्ष उजाडू शकतं. घर खाली करण्याच्या खटल्यांवर बेतलेला प्रकल्प असेल तर पहिले चार-पाच महिने तुम्ही दुसऱ्याच्या सहीवर चालता. त्या राज्यात पदवीधरांना देखरेखीखाली हजर राहू देणारा नियम आहे का, हे बघून ठेवावं. सोशल सिक्युरिटीपुढे मात्र सनद नसलेला माणूसही प्रतिनिधी होऊ शकतो, आणि फूड स्टॅम्पसारख्या, गरिबांना अन्नासाठी मदत देणाऱ्या, योजनांच्या सुनावण्यांतही. तेव्हा पहिल्या टप्प्यात अशी कामं ठेवायची आणि संघीय न्यायालयात जाण्याजोगी पुढे ढकलायची. ‘सनद येईपर्यंत काय कराल?’ हा मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर आधीच वेळापत्रकात असलेलं बरं.

अशील तुमच्यापर्यंत येणार कसा, हा परिच्छेद बहुतेक अर्जांत सर्वांत दुबळा असतो. ‘समाजात जनजागृती करू’ म्हणजे काहीच नाही. १० दिवसांची मुदत असलेल्या पत्राला माहितीपत्रकं वाटून गाठता येत नाही. त्यासाठी पत्र येण्याआधी तो मुलगा कोणाच्या तरी नजरेत असायला हवा. मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी वकील बसवण्याची पद्धत बॉस्टनमध्ये १९९३ पासून आहे. त्या धर्तीवर सतरा वर्षांच्या रुग्णांची यादी दवाखान्याकडूनच मिळण्याची व्यवस्था, पालकांच्या संमतीसह, करता येते. दुसरी जागा शाळा. विशेष शिक्षणाचा वैयक्तिक आराखडा चालू असलेल्या विद्यार्थ्याला वैद्यकीय निकषावर अपात्र ठरवलं तरी तो कार्यक्रम सुरू असेपर्यंत भत्ता चालू ठेवण्याची तरतूद आहे. ‘कलम ३०१’ म्हणून ती ओळखली जाते. शाळेतल्या शिक्षकाला ती ठाऊक नसते, घरच्यांना तर नाहीच. एका शाळेशी आणि एका दवाखान्याशी पक्कं बोलणं झालेलं असेल, त्यांची पत्रं जोडलेली असतील, तर तो परिच्छेद आपोआप उभा राहतो. पत्रावर सही कोणाची यापेक्षा ‘दर महिन्याला किती जण पाठवू’ हे लिहिलेलं असणं महत्त्वाचं.

कामातला धोकाही लिहावा. भत्ता चालू ठेवून शेवटी हरलात तर दरम्यानची रक्कम जादा दिलेली ठरते आणि सरकार ती परत मागू शकतं. ती माफ करा असं मागता येतं, पण माफी मिळेलच असं नाही. हे अशिलाला कधी आणि कसं सांगणार, हे दोन वाक्यांत लिहिणारा उमेदवार चटकन वेगळा दिसतो.

शिफारसपत्रांबद्दल एवढंच: नावाजलेल्या प्राध्यापकाच्या कोरड्या पत्रापेक्षा लॉ स्कूलच्या क्लिनिकमधल्या, म्हणजे विद्यार्थी खऱ्या अशिलांचं काम करतात तिथल्या, देखरेख करणाऱ्या वकिलाचं, तुम्हाला अशिलासमोर बसलेलं पाहिलेल्या माणसाचं, पत्र बरं. सहा आठवडे आधी मागा आणि सोबत प्रकल्पाचा एक पानी गोषवारा द्या.

मुलाखतीत, विशेषतः जिथे प्रायोजक फर्म आहे तिथे, समोरचे लोक अनेकदा वेगळ्या विषयातले असतात. विलीनीकरणाचे करार लिहिणाऱ्या भागीदाराला कलम ३०१ का माहीत असावं? दीड मिनिटात, एकही संक्षेप न वापरता, प्रकल्प सांगता आला पाहिजे. घरातल्या ज्येष्ठ माणसाला सांगून बघा. मध्येच ‘म्हणजे काय?’ असा प्रश्न आला की ते वाक्य बदला. प्रायोजकांना स्वतःच्या कचेऱ्यांच्या शहरातला प्रकल्प आवडतो, त्यांच्या वकिलांना मोफत काम म्हणून त्यातला एखादा तुकडा उचलता आला तर अधिकच. कोणता तुकडा, हे आधी ठरवून ठेवा. दवाखान्याचे कागद वाचून कालानुक्रम मांडणं हे असं सुटं काढून देता येणारं काम आहे. ‘पहिल्याच आठवड्यात चाळीस फोन आले तर?’ असंही विचारतात. कोणाला नाही म्हणायचं हे ज्यानं ठरवलेलं नाही तो इथे अडखळतो. आणि ‘तुमची स्वतःची पार्श्वभूमी’ सांगताना दुःखाची जाहिरात करू नये. अशिलाची तर अजिबात नाही.

पैशाचा भाग रूक्ष आहे, पण चुकला तर दहा वर्षं सलतो. शैक्षणिक कर्ज माफ करणारी संघीय योजना २००७ ची. पात्र संस्थेत पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला किमान ३० तास, काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. हप्ते उत्पन्नावर आधारलेल्या योजनेतून भरायचे. दहा वर्षांच्या नेहमीच्या योजनेनं भरलेत तर शेवटी माफ करायला काही उरतच नाही. पात्र नियोक्ता म्हणजे मुख्यतः सरकार किंवा ५०१(सी)(३) दर्जाची, म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्था. मेख इथे आहे: काही फेलोशिपमध्ये पगाराचा धनादेश फर्म काढते आणि तुम्ही काम करता संस्थेत. करपत्रकावर नाव फर्मचं असेल तर ते महिने धरले जाणार नाहीत, काम कितीही पुण्याचं असो. पगार संस्थेमार्फत येईल असं लेखी घ्या आणि नियोक्ता-प्रमाणपत्र दरवर्षी भरा, शेवटी एकदम नको. मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर कोणती संस्था पात्र यावरच वाद सुरू झालेत, तेव्हा तेही तपासून घ्यावं.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना गणित आणखी अवघड. शिक्षणानंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळते ती वाढ कायद्याच्या पदवीला नाही. फेलोशिप दोन वर्षांची. साध्या विधी साहाय्य संस्थेला एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीतून जावं लागतं, कारण त्यांची संख्या मर्यादित असते, तर विद्यापीठाला किंवा विद्यापीठाशी रीतसर संलग्न ना-नफा संस्थेला त्या मर्यादेतून सूट आहे. म्हणून यजमान लॉ स्कूलचं क्लिनिक असलं तर दुसरं वर्ष पार पडण्याची शक्यता वाढते. हे संस्थेशी पहिल्या भेटीतच बोलावं. निवड झाल्यावर सांगितलं की दोन्ही बाजूंची पंचाईत.

नकार बहुतेकांना येतो. अर्ज केलेल्या योजनेचा नकार म्हणजे प्रकल्पाचा नकार नव्हे, कारण त्याच संस्थेत नेमणुकीची जागा निघू शकते, लॉ स्कूलची वर्षभराची फेलोशिप मिळवून पुढच्या सप्टेंबरात सुधारलेला अर्ज देता येतो. मात्र दुसऱ्यांदा अर्ज करता येतो का, पदवीनंतर किती वर्षांपर्यंत, हे योजनेगणिक बदलतं. यजमान संस्थेला विचारावं की ती वर्षभर थांबेल का. थांबणार नसेल तर तिचं काम दुसरा उमेदवार नेईल, त्याबद्दल राग धरू नये.

निवड झाली तर ‘दोन वर्षांनंतर काय?’ या प्रश्नाचं अर्जातलं उत्तर खरं करण्याची वेळ येते. ‘संस्था निधी उभारेल’ हे उत्तर कोणी खरं मानत नाही. नमुन्याचे अर्ज, शिक्षकांसाठी दोन पानांचं टिपण, दवाखान्याशी लेखी करार, आणि आणखी दोन वकिलांना हे काम शिकवलेलं असणं, एवढं मागे ठेवता येतं. एकविसाव्या महिन्यात उघड्या प्रकरणांची यादी करायची: अशील, पायरी, पुढची मुदत, कागद कुठे आहेत, कोण घेणार. जे प्रकरण कोणीच घेणार नाही त्या अशिलाला ते शेवटच्या आठवड्यात सांगायचं नाही. तेव्हा त्याच्या ६० दिवसांपैकी बरेचसे गेलेले असतात.